अपघात न झालेला माणूस

मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी कंपनीची पांढरी गाडी येऊन उभी राहायची आणि दोनदा हॉर्न वाजवायची. शेजारपाजारच्यांना वाटायचं, राजकुमार दाभाडेचं नशीब उघडलं. परवापरवापर्यंत सायकलच्या दांड्याला डबा अडकवून चिकलठाण्याच्या कारखान्यात जाणारा माणूस, आता गाडीतून जायला लागला. समोरच्या कडूबाई तर राजकुमारच्या बायकोला, करुणाला, एकदा म्हणाल्याच, "पोरी, मालकाला साहेब केलं वाटतं कंपनीनं. पेढे कधी देतीस?"

करुणानं हसल्यासारखं केलं आणि दार लोटून घेतलं.

आत राजकुमार खाटेवर बसून होता. हॉर्न ऐकला की तो डोळे मिटून घ्यायचा. करुणा त्याचा उजवा हात अलगद उचलून लांब बाह्यांच्या सदऱ्यात घालायची. हाताला मनगटापर्यंत पट्टी होती. बाही पंज्यावर ओढून ती खाली एक टाका मारायची, म्हणजे वाऱ्यानं किंवा धक्क्यानं वर सरकायला नको. मग तो पायात चपला सरकवायचा, मान खाली घालून गल्लीतून चालायचा आणि गाडीत बसायचा. गाडीवाला त्याच्याशी बोलत नसे. न बोलण्याबद्दल त्याला सांगितलेलंच होतं.

राजकुमारच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं होतं आणि मधलं बोट चिरडलं होतं. पण कंपनीच्या हिशेबी त्याला अपघात झालेलाच नव्हता.

राजकुमार मूळचा फर्दापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी तिथं हॉटेलं आहेत, त्यातल्या एका हॉटेलात त्याची आई मालनबाई भाकरी थापते. बाप लवकर गेला. आईनं तव्यापाशी उभं राहून पोराला सिल्लोडच्या आयटीआयमध्ये शिकवलं आणि पोरगा शहरात आला तो चिकलठाण्याच्या जुन्या वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला. गाड्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग तिथं व्हायचे. राजकुमार पॉवर प्रेसवर उभा राहिला. पत्रा आत सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरचा जड ठोकळा धाडकन खाली यायचा, पत्र्याला आकार द्यायचा, वर जायचा. मग हात आत घालून तयार नग काढायचा. दिवसभर हेच. कामाला तो वाघ होता. एप्रिलात जयंती आली की वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा, त्यामुळं ताल त्याच्या अंगातच होता. प्रेसच्या ठेक्यावर तो मनातल्या मनात गाणी म्हणायचा आणि शिफ्ट कशी संपली ते त्याला कळायचं नाही.

करुणाशी लग्न झालं, मुलगी झाली. मागच्या वर्षी कंपनीनं सामाजिक कामाचा कार्यक्रम घेतला. कामगारांच्या बायकांना शिलाई मशिनं वाटली. करुणाला मिळालेल्या मशीनवर ती शाळेचे गणवेश शिवायला लागली. मशीनपाशी बसलेल्या तिचा फोटो कंपनीच्या गुळगुळीत कागदावरच्या वार्षिक अहवालात छापून आला. त्या अहवालात झाडं किती लावली, पाणी किती वाचवलं, वीज सूर्यापासून किती केली, सगळं होतं. आणि एका पानावर मोठ्या हिरव्या अक्षरात लिहिलं होतं : कामगारांचे अपघात, शून्य.

ते शून्य कंपनीला फार महत्त्वाचं होतं. माल परदेशातल्या एका मोठ्या कंपनीला जायचा. त्या लोकांना मालाबरोबर अहवालही लागायचा. माल बनवताना तुम्ही हवा, पाणी, माणसं कशी सांभाळता ते लिहून द्या, म्हणायचे. यंदा तर त्यांनी नवीन अट घातली होती. नुसतं लिहून चालणार नाही, बाहेरचे तपासनीस येऊन प्रत्यक्ष बघतील आणि शिक्का मारतील, मगच पुढचं काम. गेटवर एक पाटी होती, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा आकडा दाखवणारी. कामावर येणारा प्रत्येकजण त्या पाटीखालून आत जायचा.

अपघात झाला तो चांगला लख्ख दिवस होता, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. माल तातडीनं जायचा होता. प्रेसच्या दोन बटणांपैकी एकात सुपरवायझरनं लाकडाची पाचर ठोकून ठेवली होती, म्हणजे एकाच हातानं बटण दाबलं तरी प्रेस चालावी आणि दुसरा हात नग काढायला मोकळा राहावा. समोरून हात आत गेला की प्रेस आपोआप थांबवणारा सेन्सर दिवाळीपासून बंद होता. त्याची वायर काढून नुसता डबा ठेवला होता. हे सगळं राजकुमारला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की प्रेसच्या आतला, ठोकळा चालू-बंद करणारा क्लच झिजत चालला होता.

त्यानं बटण दाबलं. ठोकळा खाली आला, वर गेला. त्यानं नग काढायला हात आत घातला आणि कुणी काही न दाबता ठोकळा पुन्हा खाली आला.

दुखलं नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, कुणीतरी हात ओढला. मग त्यानं हात बघितला आणि खाली बसला.

सोमनाथ सर धावत आले. ते कंपनीचे सेफ्टी ऑफिसर, पस्तिशीतला, चष्मा लावणारा सज्जन माणूस. कामगारांवर आवाज कधी चढवत नसत. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली नाही. स्वतःच्या गाडीत मागं टॉवेल अंथरून राजकुमारला बसवलं आणि एका खासगी दवाखान्याकडे निघाले. सिग्नलला गाडी थांबली तसं ते मागं न बघता म्हणाले, "राजकुमार, डॉक्टरांनी विचारलं तर दारात बोट सापडलं म्हणायचं. घरच्या लोखंडी दारात. ऐकतोयस ना?"

राजकुमारनं मान हलवली. त्या वेळी त्याला काहीही सांगितलं असतं तरी त्यानं मान हलवली असती.

टाके घालून झाल्यावर सोमनाथ सरांनी खुर्ची ओढून त्याच्याजवळ घेतली.

"हे बघ, तू घरी बसलास तर हजेरीचा दिवस भरत नाही आणि दिवस भरला नाही की अपघाताची नोंद करावी लागते. नोंद झाली की ते शून्य जातं. शून्य गेलं की ऑर्डर जाईल, आणि ऑर्डर गेली तर पहिल्यांदा ठेक्यावरचे लोक घरी जातील. तुझ्यासारखेच. म्हणून तू रोज यायचं. गाडी येईल. काम काही करायचं नाही, नुसतं बसायचं. पगार पूर्ण. बरा झालास की बघू."

"आणि प्रेस?" राजकुमारनं विचारलं.

"प्रेसचं मी बघतो."

असा राजकुमार अपघात न झालेला माणूस झाला.

त्याला बसवलं होतं ते स्टोअरच्या मागच्या एका चिंचोळ्या खोलीत. प्रेसचे जुने साचे, ग्रीसचे डबे, तुटक्या ट्रॉल्या आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. सकाळी येऊन हजेरीच्या यंत्रावर डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा आणि त्या खुर्चीवर बसायचं. जेवायला सगळ्यांच्या नंतर जायचं. कुणी विचारलं तर स्टोअरमध्ये मदतनीस आहे म्हणायचं. पहिले काही दिवस तो औषधाच्या गुंगीतच होता. मग गुंगी उतरली आणि त्याला ऐकू यायला लागलं.

खोलीच्या भिंतीपलीकडे प्रेस होती. त्याचीच प्रेस. ती चालू होती.

कुणाला उभं केलंय हे त्याला जेवणाच्या वेळी कळलं. बन्सी. सिल्लोडकडचा, चाळिशी ओलांडलेला, मक्याच्या आडतीत हमाली करून पाठ गेली म्हणून कारखान्यात आलेला माणूस. प्रेसवर त्यानं पूर्वी कधी काम केलं नव्हतं.

राजकुमारनं त्याला हात धुवायच्या नळापाशी गाठलं. "बन्सीभाऊ, ती पाचर काढा. आणि ठोकळा वर गेला तरी लगेच हात घालू नका. ती दोनदा पडती."

बन्सीनं त्याच्या बाहीकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "पाचर काढली तर टार्गेट कोण देईल, राजूभाऊ? सायबानं आकडा लावून दिलाय. दोन्ही हातांनी दाबत बसलो तर निम्माबी होत नाय."

"बोटं जातील."

"मला भ्या वाटत नाय का?" बन्सी एकदम चिडला. "रोज सकाळी हात बघून निघतो घरून. पण माझी पाठ गेलेली हाय. इथून काढलं तर मला कोण ठेवील? तू सांग."

बन्सी ओले हात पँटला पुसत निघून गेला.

त्या दिवसापासून खरी भीती सुरू झाली. आपला हात दुखतो ही भीती नव्हती, ती माणूस दात दाबून सोसतो. ही भीती भिंतीतून यायची. धाड. मग थोडी शांतता. त्या शांततेत बन्सीचा हात आत असणार. मग पुन्हा धाड. प्रत्येक शांततेत राजकुमार श्वास धरून बसायचा. कानात बोटं घातली तर हादरा खुर्चीच्या पायातून पाठीत चढायचा. तो खुर्ची भिंतीपासून लांब सरकवायचा, पण खोलीच एवढीशी. ज्या ठेक्यावर तो गाणी म्हणायचा त्याच ठेक्याला आता त्याच्या अंगाला घाम सुटायचा. कधी प्रेस मिनिटभर थांबली, की त्याला वाटायचं झालं, गेला हात. मग कुणीतरी हसल्याचा आवाज यायचा आणि प्रेस पुन्हा सुरू व्हायची.

तो सोमनाथ सरांकडे गेला. सर संगणकावर आकडे भरत होते. "सर, प्रेस दुरुस्त नाय झाली."

"अरे, देखभालीला कळवलंय मी. पण क्लच उघडायचा म्हणजे प्रेस बंद ठेवावी लागते. माल अडकलाय. पुण्याहून तपासणीचे लोक येऊन गेले, की लगेच."

"तवर काय झालं तर?"

सोमनाथ सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "राजकुमार, मी पण भाड्याच्या घरात राहतो. माझ्या वर तीन साहेब आहेत. मी किती वेळा लिहून दिलंय ते माझं मला माहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या बायकोचं मशीन चांगलं चाललंय ना? यंदाही तिचा फोटो घ्यायचाय म्हणाले वरचे."

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं, की विषय बदलायला म्हटलं, राजकुमारला कळलं नाही. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस तो त्या एका वाक्याचा अर्थ लावत बसला.

घरी करुणाला वेगळीच धास्ती. पट्टी बदलायला गेलं की मधल्या बोटाचा वास यायला लागला होता. राजकुमारचं अंग संध्याकाळी तापायचं. खासगी दवाखान्यातला डॉक्टर गोळ्या बदलून द्यायचा आणि म्हणायचा, दारात सापडलेलं बोट एवढं कसं चिरडलं बुवा. असं म्हणताना तो त्यांच्याकडे बघत नसे.

"ईएसआयच्या दवाखान्यात जाऊ," करुणा म्हणाली.

"तिथं विचारतील कुठं लागलं. खरं सांगितलं की नोकरी गेली. खोटं सांगितलं आन् उद्या पकडलं तर?"

"मग कुजू द्यायचं का?"

"हळू बोल. पोरगी ऐकायली."

करुणानं आवाज उतरवला, पण गप्प बसली नाही. "मशीन कंपनीनं दिलं म्हणून तुम्ही दबायलात, मला कळतं. मशीन दिलं त्यांनी. बोट नाय दिलं. मशीन उद्या परत नेऊन टाकते मी त्यांच्या गेटवर."

तेवढ्यात फर्दापूरहून मालनबाईंचा फोन आला. राजकुमारनं डाव्या हातानं फोन घेतला आणि हसऱ्या आवाजात बोलला. "व्हय आई, बरं हाय. गाडी येती न्यायला. व्हय, व्हय, साहेब लोक चांगले हायेत." फोन ठेवल्यावर त्यानं भिंतीला डोकं टेकलं. करुणा त्याच्यापाशी बसली.

तपासणीचा दिवस ठरला आणि कारखाना नवरीसारखा सजला. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्यानं रंगवले. आग विझवायच्या नळकांड्यांवरची धूळ पुसली. प्रेसच्या बटणातली पाचर काढून टाकली आणि सेन्सरच्या रिकाम्या डब्यावर हिरवा दिवा लावला. तो दिवा भिंतीतल्या बोर्डाला जोडलेला होता, प्रेसला नव्हता. राजकुमारला चामड्याचे मोठे हातमोजे दिले. पट्टीवरून तो मोजा चढवताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"आज बाहेर यायचंच नाही," सोमनाथ सर म्हणाले. "दार लावून बस. दुपारपर्यंत लोक जातील." ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते आणि जाताना त्यांनी दाराच्या कडीला हात लावला, मग काढून घेतला.

राजकुमार बसला. अंगात ताप होता. पलीकडे प्रेस सुरू झाली. आज पाचर नव्हती, म्हणून ठेका संथ होता, आणि राजकुमारला जरा बरं वाटलं. दोन्ही हात बटणावर असतील तोवर बन्सीला धोका नाही. धाड. शांतता. धाड. शांतता.

मग धाड-धाड.

तो खुर्चीवरून अर्धा उठला. कान भिंतीला लावला. किंकाळी आली नाही. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग ठेका पुन्हा सुरू झाला, पण घाबरल्यासारखा, अडखळत. म्हणजे पलीकडे बन्सीनं पण ते ऐकलं होतं, नव्हे, बघितलं होतं. त्याचा हात त्या वेळी बाहेर होता एवढंच. आणि आता पाहुणे समोर उभे असणार म्हणून तो थांबूही शकत नव्हता.

पाचर असो नसो, प्रेसला कुणी बटण दाबायची वाट बघायची गरजच उरली नव्हती.

राजकुमार दाराकडे गेला. त्याला वाटलं होतं बाहेरून कडी लावलेली असेल, आणि खरं सांगायचं तर, ती लावलेली असावी असं त्याला वाटत होतं. लावलेली असती तर त्याला परत खुर्चीवर बसता आलं असतं. त्यानं डाव्या हातानं दार ढकललं. ते उघडं होतं.

मनात एकामागून एक येत होतं : खोलीचं भाडं, पोरीची शाळा, आईची भाकरी, करुणाचं मशीन, ठेकेदाराचा चेहरा. प्रत्येक गोष्ट त्याला मागं ओढत होती. भिंतीपलीकडून पुन्हा धाड झालं आणि तो चालायला लागला.

प्रेसपाशी चार-पाच माणसं उभी होती. मध्ये एक बाई, निळी टोपी घातलेली, हातात कागद. त्या पुण्याहून आलेल्या तपासनीस, सोनिया मॅडम. शेजारी सोमनाथ सर हिरव्या दिव्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होते. बन्सी बटणांवर हात ठेवून उभा होता आणि त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. ठोकळा वर गेला. बन्सीनं हात आत नेला.

"बन्सीभाऊ, हात काढा!"

राजकुमारला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. बन्सीनं हात मागं खेचला. राजकुमारनं पुढं होऊन डाव्या तळव्यानं प्रेसवरचं लाल बटण दाबलं. प्रेस सुस्कारा टाकून थांबली. त्या क्षणी ठोकळा दुसऱ्यांदा पडलाही नव्हता. नुसता वर टांगून राहिला होता. एका वेड्या माणसानं चालू काम बंद पाडलं, एवढंच सगळ्यांना दिसलं.

सुपरवायझर ओरडला, "ए, तुला कुणी बोलावलं इकडं? चल, हो आत!"

"थांबा," सोनिया मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

आपण स्टोअरमधले मदतनीस, हे पाठ केलेलं वाक्य राजकुमारच्या ओठावर आलं होतं. ते त्यानं गिळलं. "ही प्रेस दोनदा पडती, मॅडम," तो म्हणाला. पुढं काय बोलायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं उजव्या हाताचा मोजा काढायचा प्रयत्न केला. डाव्या हातानं तो निघेना. बन्सीनं पुढं होऊन मोज्याचं टोक धरलं आणि ओढला. आत पट्टी चिकटली होती. राजकुमार ओरडला आणि खाली वाकला.

सगळ्यांनी बघितलं. मॅडमनी तोंडावर हात घेतला, मग खाली केला.

"हे कधी झालं?"

राजकुमार उजवा हात छातीशी धरून उठला. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, घरी दारात बोट सापडलं होतं त्याचं. आम्ही तर माणुसकीनं..."

"नाही." हे सोमनाथ सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. "इथंच झालं. याच प्रेसवर. मीच घेऊन गेलो होतो त्याला."

एवढ्या मोठ्या शेडमध्ये लांबच्या कॉम्प्रेसरचा आवाज तेवढा येत होता.

धीर दाखवला की भीती जाते असं लोकांना वाटतं. राजकुमारची गेली नाही, वाढली. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. हॉर्न न वाजता सकाळ उलटून गेली, तर ते त्याला हॉर्नपेक्षा भयंकर वाटलं. दुपारी ठेकेदाराचा फोन आला. शिव्या नव्हत्या, ओरडणं नव्हतं. एवढंच म्हणाला, "राजकुमार, तू लई शाणा निघालास. आता कुठं कुठं काम मागतो तेच बघतो मी." गल्लीत अनोळखी मोटारसायकल थांबली तरी करुणा पोरीला घरात घ्यायची. कुणी आलं नाही, पण येईल असं वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात करुणा त्याला ईएसआयच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी उघडली आणि विचारलं, कुठं लागलं. राजकुमारनं करुणाकडं बघितलं आणि खरं सांगितलं. मधलं बोट वाचवता आलं नाही, उशीर झाला होता. हात मात्र वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडे दिवस गेले असते तर मनगटापर्यंत कापावं लागलं असतं. ते ऐकून करुणा बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही.

सरकारी निरीक्षक आले. अपघाताची नोंद झाली. राजकुमारला कामगार विम्यातून महिन्याला थोडीशी पेन्शन बसली, ती कमी आहे, पण येते. प्रेस उघडून क्लच बदलला, खरा सेन्सर बसवला. परदेशी गिऱ्हाईकानं काम काढून घेतलं नाही, त्यांनी फक्त खुलासा मागवला. ज्याच्यासाठी एवढं सगळं लपवलं, ते खुलाशाच्या दोन पानांवर भागलं. हे राजकुमारला कळलं तेव्हा त्याला हसू आलं नाही, रागही आला नाही. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं मात्र झालं.

पुढं नवा अहवाल निघाला. हिरव्या अक्षरातल्या शून्याच्या जागी एक होता. नाव नव्हतं. करुणाचा जुना फोटो, मशीनपाशी बसलेला, तिला न विचारता पुन्हा छापला होता. ठेका बदलला त्या वेळी नव्या ठेकेदारानं राजकुमारला घेतलं नाही आणि त्याचं कारणही कुणी सांगितलं नाही. सोमनाथ सरांनीही काही महिन्यांनी नोकरी सोडली. जाण्याआधी ते एकदा मुकुंदवाडीत आले होते. चहा घेतला, राजकुमारचा हात बघितला आणि उठले.

बन्सी बराच काळ राजकुमारशी बोलत नव्हता. प्रेस दुरुस्तीला बंद होती तेवढे दिवस त्याला घरी बसवलं होतं आणि घरात चूल थंड होती. रस्त्यात भेटला तर तोंड फिरवायचा. मग एकदा बाजारात समोरासमोर आले. बन्सीनं आधी इकडंतिकडं बघितलं, मग आपले दोन्ही हात राजकुमारसमोर उघडून धरले, दहाच्या दहा बोटांसकट. "हायेत बघ," म्हणाला, आणि गर्दीत शिरला.

आता राजकुमार चिकलठाण्यातल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. मालक लहान माणूस, अहवाल वगैरे काही काढत नाही, गेटवर पाटीही नाही. पहिल्या दिवशी त्यानं राजकुमारला एका जुन्या कटिंग मशीनपाशी नेलं आणि म्हणाला, "चालव बघू." राजकुमारनं मशीनचा पत्रा उघडून आतली वायर बघायला मागितली. मग तो एकेक जोड डाव्या हातानं ओढून बघायला लागला.

"घाबरतोस का रे?" मालकानं विचारलं.

"व्हय," राजकुमार म्हणाला, आणि वायर शेवटपर्यंत तपासून मगच त्यानं मशीन चालू केलं.